अर्जदार घरी आढळली नाही

फिंदिक्ली, ११ मार्च

तेओना,

पाच वर्षं फोन लावून पाहिला. आता कळलं, लागणार नाही. म्हणून हे पत्र गोचाच्या हाती देते. त्याची मिनीबस आठवड्यातून तीनदा सरहद्द ओलांडून कोबुलेतीला येते, तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबते. त्या बिचाऱ्यावर राग काढू नकोस. आणि फाडायचंच असेल तर आधी पुढचं वाच, मग फाड.

काम आहे म्हणून लिहिते, उगाच गोड बोलत नाही. मला एक कागद हवा आहे.

साब्रीची बायको म्हणून मी तुर्कस्तानच्या नागरिकत्वाचा अर्ज करते आहे. लग्नाला तीन वर्षं झाली की करता येतो, आम्हाला पाच होतील. त्याला जन्मदाखला लागतो. माझ्या दाखल्यावर नाव आहे लामझिरा. पासपोर्टवर लामारा. माझे वडील नाव नोंदवायला निघाले तेव्हा वाटेत तीन मित्र भेटले, प्रत्येकाने एकेक पेला पाजला, आणि कचेरीत पोचेपर्यंत आईने सांगितलेलं नाव विसरून हे स्वतःच्या मावशीचं नाव देऊन आले. एकोणपन्नास वर्षं कुणाचं काही अडलं नाही. इथल्या नोंदणी कचेरीतल्या ग्युलसेन बाईंचं अडलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "या तर दोन बायका दिसतात. यातली साब्रीची कोणती?"

साब्री म्हणाला, "बाई, मला एकच झेपत नाही."

त्या हसल्या नाहीत. दोघी एकच आहेत असा दाखला, जन्म नोंदला त्या ओझुर्गेतीच्या कचेरीतून आणा म्हणाल्या. रक्ताच्या नातेवाइकाने अर्ज केला तरी मिळतो. रक्ताचं आता तूच उरली आहेस.

मी स्वतः का येत नाही? सरहद्द तासाभरावर आहे, ठाऊक आहे मला. माझी सासू हव्वा जानेवारीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, तिला कुशीवर वळवायला, धुवायला मीच लागते. साब्रीच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली आहे, त्याने वजन उचलायचं नाही. दुसरं कारणही आहे. मी आले तर तू दार उघडशील का, ते मला माहीत नाही.

लोक तुला सांगत असतील, लामारा आता तुर्क होणार. आपला पासपोर्ट ठेवायची परवानगी मी तिकडे आधीच मागून घेतली आहे, ते कुणी सांगणार नाही. गेल्या हिवाळ्याआधी साब्रीला रीझेच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याची बहीण नाझमिये सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तू बाहेर जाऊन बस. त्याचं काही बरंवाईट झालं तर कार्डाची मुदत संपेपर्यंत तू आमची पाहुणी, पुढचं देव जाणे." माझं राहण्याचं कार्ड साब्रीच्या जिवावर चालतं. दर खेपेला त्याची सही. नऊ वर्षं मी इथे राबले आहे, तेओना. पाहुणी म्हणून मरायची माझी इच्छा नाही.

एवढंच. ओझुर्गेतीला जाऊन ये.

लामारा
(आई लिहिणार होते. तू त्यावरही चिडशील.)

फिंदिक्ली, ६ मे

तेओना,

कागद मिळाला. गोचाने पाकीट दिलं तेव्हा मी ते दोनदा झटकून पाहिलं, आत आणखी काही असेल म्हणून. नव्हतं. ठीक आहे. कागद मागितला होता, कागद आला. त्याच्या तळाशी मात्र तुला लिहावंच लागलं आहे: अर्ज करणारी तेओना, नातं मुलगी. ते मी तीन-चारदा वाचलं.

ग्युलसेन बाईंनी दाखला घेतला, भाषांतर घेतलं, शिक्के पाहिले आणि म्हणाल्या, फोटो चालणार नाही. का? मागचा रंग पांढरा नाही. मी म्हटलं, पांढराच आहे की. "हा दुधी आहे." नवीन काढले. घेऊन गेले तर बाई जेवायला गेलेल्या. जेवून आल्या तर संगणक बंद. दुसऱ्या दिवशी संगणक चालू, पण बाई रजेवर, आणि त्यांच्या खुर्चीतला माणूस म्हणतो, "तुमची फाइल त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये." डोंगरावरून खाली यायला मला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ सासू ओल्या चादरीवर पडलेली असते. पाचव्या खेपेला फाइल घेतली. पावती देताना म्हणाल्या, "आता वाट बघा."

"किती दिवस?"

"तुमच्यासारख्या आधीच शंभर बसल्यात."

"आमच्यासारख्या म्हणजे कशा?"

तर बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली.

गोचा म्हणाला तू पोटुशी आहेस. कितवा महिना ते त्याला सांगता येईना, हातानेच पोटाचा आकार दाखवला. अख्ख्या कोबुलेतीला ठाऊक आणि मला मिनीबसवाल्याकडून कळतं! पण मला बोलायला तोंड नाही. माझं लग्न तुला कुणाच्यातरी मोबाइलमधल्या फोटोवरून कळलं होतं.

जड उचलू नकोस. पाय सुजले तर मिठाचं खाणं बंद कर, आजी तुला पायांखाली उशी घ्यायला सांगायची ती घे. चहाची पहिली तोडणी सुरू झाली आहे, सोबत घरचा चहा पाठवते. तुझ्या सासूला दे. तू कमी पी.

लामारा

फिंदिक्ली, ३० जून

तेओना,

आज रीझेला मुलाखत होती. इतक्या लवकर बोलावतील असं वाटलं नव्हतं. डोकं असं तापलं आहे की सासूला भरवताना चमचा तिच्या दातांवर आपटला. "गुर्जी, मला मारतेस का?" म्हणाली. इथे जॉर्जियाच्या बाईला गुर्जी म्हणतात आणि सासूने मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारलेली नाही.

खोलीत पाच माणसं. मधल्या खुर्चीत पिकल्या मिशांचे इल्हान साहेब, ते फारसे बोलत नाहीत. बोलतो तो शेजारचा तरुण. आधी मला एकटीला आत घेतलं.

"नवरा सकाळी काय खातो?"

"मक्याची भाकरी आणि चीज. डॉक्टरांनी लोणी बंद केलंय. चोरून खातो."

"बुटाचा नंबर?"

"बेचाळीस. डाव्या पायाला त्रेचाळीस लागतो. चहाची पोती खाली सोडायची तार तुटून पायावर पडली होती."

"राष्ट्रगीत येतं?"

दोन ओळी म्हटल्यावर पुरे म्हणाला. मी रागाने तिसरीही म्हटली. इल्हान साहेबांच्या मिशा जराशा हलल्या.

"तुमची ओळख कशी झाली?"

मी म्हटलं, मी त्यांच्या मळ्यात चहा तोडायला होते.

मग साब्रीला आत घेतलं, मी बाहेर. मग दोघांना एकत्र. तो तरुण कागदावर पेन आपटत म्हणाला, "बाई म्हणतात चहाचा मळा. हे म्हणतात होपाला चुलतभावाच्या लग्नात नातेवाइकांनी ओळख करून दिली. तुमचं दोघांचं लग्न एकमेकांशीच झालंय ना?"

साब्रीचे कान लाल झाले. माझ्याकडे बघेना.

परतीच्या बसमध्ये मी त्याला झापलं. "असं का सांगितलंस? त्यांनी बुटाचा नंबर विचारला तो मी बरोबर सांगितला, आणि तुला आपली गाठ कुठे पडली ते सांगता येईना?"

"पाच पुरुषांसमोर माझ्या बायकोला मजूर म्हणू?"

"मी मजूरच होते!"

"म्हणूनच," म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तुलाही मी खरं सांगितलेलं नाही. गोचाच्या ओळखीतून स्थळ आलं असं मी तुला नंतर कळवलं होतं. तसं काही नव्हतं. आपल्याकडच्या बायकांना इथे नव्वद दिवस राहता येतं. माझे नव्वद दिवस कधीच उलटून गेले होते. पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मळ्यावर पोलिसांची धाड पडली. आम्ही अकराजणी होतो. दहाजणी ओढ्याकडे पळाल्या. मी सगळ्यात वरच्या वाफ्यात, हातात कातरी, पाठीला भरलेलं पोतं. पळणार कुठे? साब्री धापा टाकत वर आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि पोलिसाला म्हणाला, "ही माझी होणारी बायको आहे." तोवर आम्ही एकमेकांशी वीस वाक्यंही बोललो नव्हतो. पोलीस गेल्यावर मला म्हणाला, "तू नाही म्हणालीस तरी चालेल. मी फक्त त्यांना सांगितलं."

तीन आठवडे मी विचार केला. हो, कागदांचाही केला. तू म्हणाली होतीस ना, पासपोर्टसाठी विकली गेलीस म्हणून? तेवढा भाग खरा आहे. पुढे ते तसं राहिलं नाही. कधीपासून, ते सांगता येणार नाही. मी बिनसाखरेचा चहा पिते हे मी न सांगता त्याच्या लक्षात आलं होतं, त्याच्या आसपास कधीतरी.

त्या पाच जणांना यातलं काय सांगायचं होतं?

लामारा

फिंदिक्ली, २१ ऑगस्ट

तेओना,

कचेरीतून पत्र आलं. जबाब जुळत नाहीत, म्हणून घरी चौकशी होईल. कधी, ते लिहिलेलं नाही. मी ग्युलसेन बाईंकडे गेले. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला बस म्हटलं.

"पोलीस कधीही येतील. सकाळी, संध्याकाळी, काही नेम नाही. अर्जदार घरी आढळली नाही असा शेरा एकदा पडला की माझ्या हातात काही राहत नाही. सध्या कुठे जाऊ नका."

"बाजारात?"

"नवऱ्याला पाठवा."

तीन आठवडे झाले, मी दारात बसून आहे. कुत्रं भुंकलं की उठून डोक्याचा रुमाल सारखा करते. साब्री बाजारातून नासके टोमॅटो आणतो. नाझमिये येऊन जाते आणि अंगणातूनच ओरडते, "काय गं, आले का तुझे पाहुणे?"

आज गोचा आला तो गाडीतून उतरलाच नाही, काच खाली करून म्हणाला, "पोरीला दवाखान्यात ठेवलंय. रक्तदाब चढलाय. दिवस भरायच्या आत पोट चिरून काढावं लागेल म्हणतात." तुझ्या सासूने सांगून पाठवलं, तिच्या आईला कळवा म्हणून. तुझ्या सासूने. तू नाही.

आता जे लिहिते ते मी सहा वर्षं गिळून बसले आहे.

आजी गेली तेव्हा मी तुला सांगितलं, मला कावीळ झाली आहे, दवाखान्यात आहे, उठवत नाही. मला कावीळ झाली नव्हती. मी सार्पला सरहद्दीवर आले होते. रांगेत उभी होते, पासपोर्ट हातात. माझ्या पुढे चार माणसं होती. माझी मुदत संपलेली. एकदा पलीकडे गेले की शिक्का मारणार आणि काही वर्षं परत येऊ देणार नाहीत. मग तुझं कॉलेज कशावर चालणार होतं? असा हिशेब मी माझ्या आईचं प्रेत घरात असताना रांगेत उभी राहून करत होते. पुढे दोन माणसं उरली आणि मी रांगेतून बाहेर पडले. समुद्राकडेच्या कठड्यावर बसून राहिले. तिला पुरायची वेळ टळून गेल्यावर उठले. दुसऱ्या दिवशी एकाच्या अंगणात लाकडं रचायला गेले.

तू त्या थंडीत एकटी शवपेटीमागे चालत होतीस. अठरा वर्षांची.

आता पुन्हा तेच. कागद इकडे आणि माणूस तिकडे. मला वाटलं होतं, लिहून काढलं तर काय करायचं ते सुचेल. नाही सुचलं.

लामारा

फिंदिक्ली, १६ सप्टेंबर

तेओना,

तू झोपेत होतीस की झोपल्याचं दाखवत होतीस ते मला माहीत नाही, म्हणून काय काय झालं ते लिहिते.

सात तारखेला संध्याकाळी गोचाने सांगितलं, उद्या सकाळी चिरणार. मी साब्रीला म्हटलं, "मी चालले." वाटलं होतं तो पोलिसांचं नाव काढेल. तो म्हणाला, "जाकीट घे, तिकडे गार असतं." नाझमियेला तिच्या आईपाशी बसायला बोलावलं. ती आली, शिव्या देत, पण आली.

दवाखान्यात मी तुझ्या खाटेपाशी आले आणि म्हटलं, "मी आलेय." तू भिंतीकडे तोंड केलंस. नर्स म्हणाली, पेशंटला त्रास होतोय, बाहेर बसा. बसले. दोन दिवस, एक रात्र, त्या हिरव्या बाकावर. तुझी सासू मला भाकरी आणून द्यायची. फार बोलत नाही पण भली बाई आहे. दुपारी नर्सने दारातूनच पोर दाखवली. डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या, जणू तिला कुणीतरी रांगेत उभं केलंय. मी तिला हात लावला नाही, कारण तुला विचारलं नव्हतं. तुझा रक्तदाब उतरला असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा निघाले.

आणि पोलीस नेमके नऊ तारखेला आले. अडतीस दिवस मी दारात बसून होते, तेव्हा एकालाही यावंसं वाटलं नाही!

साब्रीने जे सांगितलं ते असं. दोघं पोलीस. "बायको कुठे?" यावर या शहाण्याने काय सांगावं? "बाजारात गेलीय." पुन्हा खोटं. एवढं होऊनही. तेवढ्यात आतून नाझमिये, "बाजारात कसली! तिकडे गेलीय, पोरीच्या बाळंतपणाला. दोन दिवस मी मरतेय इथे."

आणि मग पलंगावरून सासू ओरडली. "कोण आहे? पोलीस? आत या!"

ते आत गेले.

"त्या गुर्जीला शोधताय? मीही शोधतेय! दोन दिवस मला कुणी धड वळवलं नाही. माझ्या या लेकीला जमत नाही, पाठ सोलून काढली माझी. पगारी बाई असती तर सुट्टी मागून गेली असती. घरची आहे म्हणून न विचारता गेली!"

पोलीस हसायला लागला. वहीत लिहीत म्हणाला, "बरं आजी. सुनेचं नाव काय?"

सासूने विचार केला. खूप विचार केला म्हणे.

"गुर्जी."

"ते नाही आजी. नाव."

"गुर्जी म्हटलं की ओ देते ती. आणखी कशाला लागतंय नाव?"

म्हणून आता माझ्या फाइलीत दोन शेरे आहेत. अर्जदार घरी आढळली नाही. सासूला अर्जदाराचं नाव सांगता आलं नाही. त्या म्हातारीने माझ्या बाजूने जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि कागदावर उतरलं ते हे! मी आल्यावर साब्रीशी बोलले नाही, नाझमियेशी बोलले नाही, सासूला कुशीवर वळवलं, पाठीला मलम लावलं. ती म्हणाली, "नातीला केस आहेत का?" मी म्हटलं, आहेत, काळे. "मग ठीक," म्हणाली.

बाळाचं नाव मला गोचाकडून कळवलंस तरी चालेल.

लामारा

फिंदिक्ली, १२ फेब्रुवारी

तेओना,

परवा रीझेच्या कचेरीत तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. त्यांना ते काय म्हणून पोचलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते तुला कळलं नाही, कारण तुला तुर्की येत नाही. म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, साब्री जानेवारीत तुला साक्षीला बोलवायला तुझ्या दारात येऊन गेला हे मला ठाऊक नव्हतं. मला म्हणाला होता, कातरीला धार लावून आणतो. गोचा मधे दुभाष्या होता, आणि तू दार उघडलंस, आणि पोर त्याच्या कडेवर गेली, हे सगळं मला तू मिनीबसमधून उतरलीस तेव्हा कळलं. तू म्हणालीस, "तुझ्यासाठी नाही आले. त्या माणसाने पाहुण्यासारखी टोपी काढली म्हणून आले."

आत गेल्यावर त्या तरुणाने सांगितलं ते असं: दोघं एकत्र राहतात याची खात्री पटत नाही, आठ आणि नऊ सप्टेंबरला अर्जदार कुठे होती याचा साक्षीदार असेल तर बोलावा. दुभाष्या त्यांनी बोलावलेला नव्हता. "तुम्हीच सांगा ती काय म्हणते ते," म्हणाला, कंटाळून.

"त्या दोन दिवशी तुमची आई कुठे होती?" तू म्हणालीस, माझ्या खोलीबाहेर बाकावर. तसंच सांगितलं मी.

"भेट झाली?" तू म्हणालीस, नाही, मी भिंतीकडे तोंड केलं. मी सांगितलं, "ती आजारी होती, बोलण्याच्या अवस्थेत नव्हती."

तेव्हा इल्हान साहेबांनी मान वर केली ना, ते काय म्हणाले माहीत आहे? "बाई, ती असं नाही म्हणाली. माझी आजी बोर्चक्याची, गुर्जीच. तुमची भाषा मला बोलता येत नाही, पण कळते. नीट सांगा."

म्हणून माझा चेहरा उतरला. तुला वाटलं असेल ते मला रागावले. मग मी खरं सांगितलं, आणि त्यांनी विचारलं, "तोंड का फिरवलं?" तेही तुला मी विचारलं, कारण आता पळवाट नव्हती.

आणि तू बोलायला लागलीस. थांबत नव्हतीस, मला मधे जागाच देत नव्हतीस. मी एकेक वाक्य उचलून तुर्कीत ठेवत होते. "मी पंधरा वर्षांची असताना ही गेली." ठेवलं. "आजी मेली तेव्हा आली नाही. कावीळ झाली म्हणाली, तेही खोटं." ठेवलं. "मी एकटी चालले." ठेवलं. "आणि तुम्ही मला विचारता, ही नवऱ्याबरोबर राहते का? राहते! माझ्याबरोबर राहिली नाही, माझ्या आजीबरोबर राहिली नाही, ही त्याच्याबरोबरच राहते. लिहून घ्या! आणखी किती पुरावा पाहिजे तुम्हाला?"

शब्द न् शब्द मी सांगितला. फक्त एके ठिकाणी बदल केला. तू प्रत्येक वेळी "ही" म्हणत होतीस. मी प्रत्येक वेळी "माझी आई" असं सांगितलं. इल्हान साहेबांनी तेवढं दुरुस्त केलं नाही.

तू गप्प झाल्यावर साब्री तुझ्या झोपलेल्या पोरीला घेऊन तसाच उठला, तेव्हा तो काय बोलला ते असं: "साहेब, माझंही एक खोटं आहे. होपाच्या लग्नात ओळख झाली नाही. ही माझ्या मळ्यात मजूर होती. पोलीस आले तेव्हा मी होणारी बायको म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. महिनाभर आधीपासून मी हिच्या वाफ्याच्या आसपास उगाच घुटमळत होतो, ते कुणाला सांगितलं नव्हतं. हिलासुद्धा नाही. लाज वाटायची. साठीला आलेला माणूस मी."

मला खरंच माहीत नव्हतं. सहा वर्षं.

तो तरुण म्हणाला, "हे जूनमध्ये सांगितलं असतं तर आमचा अर्धा दिवस वाचला असता." इल्हान साहेबांनी त्याला गप्प केलं आणि स्वतः लिहायला घेतलं. खूप वेळ लिहीत होते.

तू चहालाही थांबली नाहीस. घरी सासूने दोन कप मांडायला लावले होते.

तुझी आई

फिंदिक्ली, ९ जुलै

तेओना,

मंजूर झालं. फोनवर एक ओळीचा मेसेज आला, मी मळ्यात होते, हातात कातरी असल्यामुळे तासभर पाहिलाच नाही. सोळा महिने ज्याच्यासाठी खाली-वर केलं ते पोत्याच्या कप्प्यात पडून होतं. कार्डासाठी गेले तर ग्युलसेन बाई म्हणाल्या, अभिनंदन, आणि फोटो जुना आहे, नवीन आणा. मी तिथेच त्यांच्यावर ओरडले. नागरिक झाल्यावर पहिलं काम ते केलं. बाईंनी शांतपणे पाण्याचा पेला पुढे केला.

नाझमियेने मिठाई आणली आणि स्वतःच अर्धी खाल्ली. सासूला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आता पोलीस यायचे नाहीत ना? बरे होते बिचारे. ऐकून घ्यायचे."

मला फार आनंद झाला असं लिहिणार होते. तसा झाला नाही. अंगातलं काहीतरी सैल पडलं आणि खूप झोप आली, इतकंच.

फेब्रुवारीच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. इल्हान साहेबांनी कागद मिटताना शेवटचं एक विचारलं होतं. "विचारा तिला, पुन्हा गरज पडली तर ती येईल का?" त्यांना ते फाइलीपुरतं हवं होतं. तू बाळाच्या टोपीची नाडी बांधत होतीस. मी तुला विचारलंच नाही. त्यांच्याकडे बघून सांगितलं, "येईल."

मी विचारलं नाही हे त्यांना कळलं होतं. भाषा कळते त्यांना. तरी त्यांनी तसंच लिहून घेतलं, आणि आता त्याच्यावर शिक्काही बसला आहे.

या तोडणीनंतर पुढच्या तोडणीपर्यंत मळ्यात काम नसतं. ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस आम्ही सगळे घरीच असतो.

तुझी आई